दवंडी संपते त्या दारात

शेतवस्ती, राजूरच्या वाटेवर,
ता. भोकरदन, जि. जालना
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. साक्षी,

आबाचे आशीर्वाद. इकडे सगळे ठीक आहेत, तूही ठीक असशील असं धरून चालतो. आजीचा गुडघा थंडीनं धरलाय, पण तोंड चालू आहे, म्हणजे काळजीचं काही नाही. हरभरा वाळत आलाय. तुझा बाप मोसंबीला पाणी देण्यात गुंतलाय. तू दार आतून लावून झोपतेस ना? त्या गॅसच्या नळीचं मी मागे म्हटलं होतं, ती बदलली का? बदलली नसेल तर आजच बदल. मला इथं झोप येत नाही.

पत्र बघून तुला नवल वाटेल. आबानं फोन का नाही केला? फोनवर हे मला बोलता येणार नाही. आणि तुमच्या कंपनीच्या ॲपवर टाकायची तर भीतीच वाटते, कुठून कुठं जाईल. सातवीपर्यंतची शाळा माझी. एरवी पत्र लिहिलं की देवानंद गुरुजींना दाखवतो, ते नीट करून देतात. हे दाखवलेलं नाही. चुकलंमाकलं समजून घे.

मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस, ते डोक्यातून जात नाही. तू म्हणालीस, "आबा, आरक्षणाच्या भांडणात लोक आमच्या ॲपवरून एकमेकांवर बहिष्कार टाकून राह्यलेत. ह्यांच्या दुकानात जाऊ नका, त्यांचा दवाखाना बंद पाडा. आमच्यातल्या काही जणांनी साहेबांना पत्र लिहिलंय, की कंपनीनं गप्प बसू नये, आपली बाजू उघड सांगावी. मी सही करू का?" आणि हळूच म्हणालीस, की नोकरीत कायम केल्याचा कागद अजून हातात आलेला नाही.

मी घाईघाईनं सांगून टाकलं, "बिलकुल करू नको. आपण फक्त पोचवणारे. पोस्टमन काय चिठ्ठी फोडून वाचतो का?"

तू म्हणालीस, "बराबर हाय आबा." आणि फोन ठेवलास. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

इथलं सांगतो. राजूरच्या फाट्यावरचं पप्पूचं चहाचं हॉटेल तुला माहीत आहे. दिवाळीपासून गावाच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय, की त्याच्याकडं आपल्या माणसानं चहा प्यायचा नाही. पप्पूनं कोणाचं वाईट केलं? तो दुसऱ्या बाजूचा, एवढंच. परवा फाट्यावर शेजारच्या मळ्यातला हरिओम मोबाइल माझ्या नाकाशी धरून म्हणतो, "बघा आबा, तीन महिने झाले, तुमच्या साक्षीच्या कंपनीनं ह्यो मेसेज काढला न्हाई. म्हंजी कंपनीला बी मान्य हाय!"

मी म्हटलं, "अरे, कंपनीला पप्पू कोण हे तरी माहीत आहे का?"

"मंग साक्षीला इचारा की. का तिला बी तुमच्यावानी गुरुजी लागतो सांगायला?"

लोक हसले. मीही हसलो. आणि पोरी, खरं सांगतो, मी पप्पूच्या हॉटेलावरून पुढं गेलो आणि दुसरीकडं चहा प्यालो. पप्पूनं मला बघितलं. किटली पुसत होता, पुसतच राहिला. घरी येताना मनाशी म्हणत होतो, मला काय करायचं, मी काय मेसेज लिहिला का?

हे वाक्य माझं जुनं आहे. ते कुठून आलं, तेच आज सांगायचं आहे. आजीला माहीत आहे. तुझ्या बापाला अर्धं माहीत आहे.

बहात्तरचा दुष्काळ. मी एकोणीस वर्षांचा. जनावरं पटापट मरत होती. मेलेलं ढोर ओढून नेण्याचं काम बौद्धवाड्यातल्या लोकांनी करायचं, अशी तोवरची रीत. त्यांनी ठरवून सांगितलं, यापुढं आम्ही ओढणार नाही, ज्याचं ढोर त्यानं ओढावं. यात चुकीचं काय होतं? आज मला काहीच दिसत नाही. पण तेव्हा गावाचं डोकं फिरलं. चावडीवर बैठक बसली. माझा बापही तिथं होता. ठरलं, की वाड्याचं दळण बंद, दाणा बंद, विहीर बंद. दुष्काळात विहीर बंद, साक्षी.

आता हे गावभर सांगायचं कुणी? दवंडी द्यायचं काम लिंबाजीबाबा कोतवालाचं. लिंबाजीबाबा म्हणजे देवानंद गुरुजींचे वडील. त्यांना बोलावलं. त्यांच्याच लोकांवरची दवंडी, त्यांनीच द्यायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाद घातला नाही, की कोणाला वाईट बोलले नाहीत. गळ्यातली हालगी काढली, चावडीच्या पायरीवर ठेवली. एवढंच म्हणाले, "आजवर तुम्ही सांगितलं ते म्या वरडलो. सारा भरा, वरडलो. लस टोचायला या, वरडलो. ह्ये माझ्या तोंडातून निघायचं न्हाई." आणि निघून गेले.

हालगी तशीच पडली. कोणी हात लावेना. तेव्हा माझा बाप म्हणाला, "पुंज्या, उचल."

मी उचलली.

गळ्यात अडकवताना मनाशी म्हणालो, शब्द गावाचे, मी फक्त पोचवणारा. मारुतीच्या पारावर दिली, वेशीत दिली, गिरणीपाशी दिली. दवंडी प्रत्येकाच्या कानावर गेली पाहिजे असा नियम, म्हणून वाड्यातही गेलो. ज्यांचं पाणी तोडलं, त्यांनाच सांगायला. ऐका हो ऐका म्हणून. माझा आवाज चांगला होता तेव्हा.

लिंबाजीबाबांची दवंडी नेहमी त्यांच्याच दारात संपायची, आणि संपली की त्यांची बायको भाकर आणून हातावर ठेवायची. दवंडीवाला रिकामा जायचा नाही, असा तिचा दंडक. त्या दिवशी हालगी त्याच दारात थांबली, आणि ती भाकर घेऊन बाहेर आली. मला वाटलं, सवयीनं आली, आता मला बघून मागं फिरेल. फिरली नाही. मी काय ओरडलो ते तिनं पहिल्यापासून शेवटापर्यंत ऐकलेलं होतं. मागं दारात देवानंद उभा होता. चौथीपर्यंत आम्ही एका फळीवर बसलेलो.

मी हात मागं घेतले. देणं नाही, घेणं नाही, हे मीच तर सांगत फिरत होतो. तिनं रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची ती भाकर हालगीच्या कातड्यावर ठेवली आणि आत गेली.

पुढं सहा आठवडे त्या बायका केदारखेड्याच्या बाजूनं, नदीच्या झऱ्यावरून पाणी आणत होत्या. मग तहसीलदार आले, बंदी उठली. लोक विसरले. देवानंद शिकला, हसनाबादला मास्तर झाला, रिटायर होऊन गावात आला. आता रोज संध्याकाळी आम्ही पुलाच्या कठड्यावर बसतो. पन्नास वर्षांत त्यानं हे काढलं नाही, मीही काढलं नाही.

म्हणून तुला मी जे सांगितलं, त्यातलं 'आपण फक्त पोचवणारे' एवढं वाक्य मी परत घेतो. ते खोटं आहे. पोचवणाऱ्याचे पाय असतात, गळा असतो. तो नाही म्हणू शकतो. मी नाही म्हणालो असतो, तर दुसऱ्यानं उचलली असती का? असतीही. पण ती मी उचलली.

पण कंपनीनं बाजू घ्यावी का, हे मला अजून कळत नाही. रागावू नको, तुझा आबा भित्रा आहे आणि कमी शिकलेला आहे. लिंबाजीबाबा आमच्या गल्लीतले होते. चुकले असते तर त्यांना उभं करून विचारता आलं असतं. तुमच्या साहेबांना कोण विचारणार? ते सातासमुद्रापार बसलेले. आज ते आपल्याला पटेल असं बोलले तर गोड लागेल. उद्या उलटं बोलले तर? आरक्षण कोणाला द्यावं, कोणाला नाही, हे एका दुकानदारानं साऱ्या मुलखाला ओरडून सांगावं, हे मला काही बरं दिसत नाही. एवढी मोठी हालगी कोणाच्याच गळ्यात नव्हती.

फक्त एक दिसतं. लिंबाजीबाबांनी गावाला उपदेश केला नव्हता. कोण बरोबर, कोण चूक, तेही सांगितलं नव्हतं. कोणाचं पाणी तोडायला माझी हालगी मिळणार नाही, इतकंच. बाजू घेणं आणि हालगी न देणं, यात फरक आहे असं मला वाटतं. आहे की नाही? हे मला नीट मांडता येत नाही. तुमच्या पत्रात यातलं काय लिहिलंय, ते नीट वाचून बघ.

सोमवार, दुपार

कालच पाकीट बंद करणार होतो. मग वाटलं, ज्याच्या दारातली गोष्ट आहे, त्याला न दाखवता ती पुण्याला पाठवायची, हे पुन्हा पाठीमागूनच झालं.

सकाळी देवानंदला घेऊन फाट्यावर गेलो. पप्पूच्या हॉटेलात बसलो. समोरून हरिओम मोटारसायकलवर गेला, मान वळवून बघत गेला. पप्पूनं काही न विचारता दोन चहा ठेवले. मग म्हणाला, "आबा, रस्ता चुकले काय?"

मी म्हटलं, "चुकल्तो. आता बराबर आलो."

देवानंदनं पत्र सगळं वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत सुरुवातीपासून वाचलं. मग म्हणाला, "पुंजा, एक राह्यलंय यात."

"काय?"

"त्या भाकरीचं काय केलंस?"

साक्षी, हे मी आजीलाही कधी सांगितलं नव्हतं. वाड्यामागच्या बाभळीखाली बसून मी ती खाल्ली होती. भूक लागली होती. सगळी खाल्ली, तुकडाही टाकला नाही, आणि तोंड पुसून घरी गेलो.

"खाल्ली," मी म्हटलं.

देवानंदनं मान हलवली. म्हणाला, "आई जाईपर्यंत विचारायची. त्या पोरानं भाकर खाल्ली असंल का रं? का टाकली असंल?"

पत्रातलं त्यानं काही खोडलं नाही, काही घातलं नाही. घडी घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "पाठव पोरीला."

म्हणून पाठवतो. सही कर किंवा करू नको, ते तू ठरव. कागद मिळाला नाही तर घर आहे, मोसंबी आहे, आम्ही आहोत. पण आबानं सांगितलं म्हणून मागं सरलीस, असं होऊ देऊ नको. माझ्या सांगण्यावर चालावं एवढा मी भरवशाचा नाही. आणि गॅसची नळी बदल.

त्या दिवशी हालगी उचललेला,
आणि भाकर खाऊन गप्प राहिलेला,
तुझा आबा
पुंजाराम