आईनं मागवलेलं जेवण

बाबा, काल आईला राजापेठेतल्या ग्रीक हॉटेलात जेवायला नेलं. तुम्ही असता तर हे घडलंच नसतं, म्हणून तुम्हालाच सांगते आहे. क्लासेसच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाला लागून छोटंसं हॉटेल आहे. मालक परतवाड्याचा, बरीच वर्षं जहाजावर स्वयंपाकी होता, तिकडूनच हे सगळं शिकून आला. त्यानं आईलाच विचारलं, "काकू, काय आणू?" आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम बोलले नाही. मग ती हळूच म्हणाली, "जे गरम असन ते आण, बाप्पा."

माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर तिनं गार खाल्लं. आधी तुमचं, मग आमचं, मग पाहुण्यांचं, आणि शेवटी उरलेलं तिचं. मला अकोल्याचा तो दिवस आठवला. मावशीच्या लग्नाची खरेदी आटोपून आपण तिघं बसस्टँडजवळच्या हॉटेलात बसलो आहोत. वेटर येतो आणि आई, हातात नव्या बांगड्या, हसून सांगते, "मले मसाला डोसा." तुमच्या आधी सांगते, एवढाच तिचा गुन्हा. तुम्ही ताडकन उठता. "घरी जेवाले भेटत नाही काय तुले? चाल!" आजूबाजूचे लोक खाणं थांबवून बघतात. आई पदर सावरत तुमच्या मागं निघते, मी तिच्या मागं. घरी येऊन तिनं उपाशीपोटी स्टोव्ह पेटवला, तुम्हाला पिठलं वाढलं. आणि तुम्ही जेवलात, बाबा. चांगले पोटभर जेवलात. त्यानंतर ती कुठल्याच हॉटेलची पायरी चढली नाही. तुम्ही गेल्यावरही नाही. काल मी तिला जवळजवळ ओढतच नेलं.

मालकानं वांग्याबटाट्याचे थर लावून भट्टीत भाजलेलं काहीतरी आणलं. "हे तं आपलं वांगंच हाय," आई म्हणाली, आणि जीभ पोळली तरी थांबली नाही. निम्मं झाल्यावर मात्र तिनं चमचा खाली ठेवला. "तुह्या बाबायले आवडलं असतं हे. त्यायले वांगं लय आवडे."

"त्यायनं तुले खाऊ देल्लं असतं काय इथं?" माझा आवाज चढला. मालकानं वळून पाहिलं.

"नसतं देल्लं," आई म्हणाली. "पण आता खाऊन राहिली नं मी." तिनं चमचा उचलला आणि शेवटचा तुकडासुद्धा संपवला. माझ्यासाठी ठेवला नाही. मला त्याचा फार आनंद झाला.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. आईलाही दाखवणार नाही, "मेल्या माणसासंगं काय भांडून राहिली?" म्हणेल. तिनं तुम्हाला केव्हाच माफ केलं असावं. मला ते जमलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर, जमावं असं वाटतही नाही.