कोपऱ्यावर थांबलेली गाडी

प्रिय बयो,

तुझे बाबा, आपले शिंपी मास्तर, तुला याच नावाने हाक मारायचे, त्यांचं ऐकून मलाही तीच सवय लागली. तू माझा फोन उचलत नाहीस याला आता आठ महिने होतील, तरी दुसऱ्या कुठल्या नावाने सुरुवात करायला हात धजला नाही. हे चौथं पत्र आहे. आधीची तीन फाडली. एक फारच गोड झालं होतं, एकात मी नुसती रडत होते, आणि तिसरं वाचून माझं मलाच वाटलं की ही बाई अजून काहीतरी लपवतेय.

सकाळचे दहा वाजलेत, कामाचा दिवस आहे आणि मी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. का, ते सांगते, पण ओळीने सांगू दे. एका जागी बसवत नाही. दोन ओळी लिहिते, उठते, ओटा पुसते, परत बसते. धुतलेले पडदे परवा पुन्हा धुतले. नवरा म्हणाला, आता भिंती तेवढ्या राहिल्यात.

ॲम्ब्युलन्सची कंट्रोल रूम आहे तशीच आहे. तुझ्या खुर्चीवर एक नवी मुलगी आली आहे. चांगली आहे, पण जेवतानासुद्धा हेडफोन काढत नाही, जणू शहरातला प्रत्येक हृदयविकार तिच्या डब्यातल्या पहिल्या घासाची वाट बघतोय. तुला आठवतं, नातवाच्या नाकात वाटाणा गेला म्हणून ॲम्ब्युलन्स मागणाऱ्या आजीबाई? तू त्यांना इतक्या शांतपणे पोराला शिंकवायला सांगितलंस, आणि वाटाणा बाहेर आल्यावर त्यांनी तुला विचारलं की आता हा शिजवला तर चालेल का. तू हसू दाबत दहा मिनिटं टेबलाखाली डोकं घालून बसली होतीस. अकरा वर्षं आपण खांद्याला खांदा लावून बसलो. समोरचा काही बोलायच्या आधी नुसत्या श्वासावरून तू सांगायचीस, छातीचं आहे की भीतीचं.

आणि मास्तर. माझा युनिफॉर्म नीट बसत नव्हता म्हणून तू मला त्यांच्याकडे नेलंस. त्यांनी टेप हातातही घेतली नाही, नुसतं बघून म्हणाले, "बाई, तुमचा डावा खांदा खाली आलाय. फोनने." मग दोन्ही बाह्या वेगवेगळ्या मापाने शिवल्या. तेव्हापासून मी त्या युनिफॉर्ममध्ये सरळ दिसते. अकरा वर्षांत मी तुझ्या घरी तीनदा आले, तीनही वेळा दिवसाउजेडी, आणि परत जाताना तू बसथांब्यापर्यंत माझ्यासोबत आलीस. मी म्हणायचे, किती अगत्य! तू मला माझ्याच भीतीपासून सांभाळून नेत होतीस हे कळायला मला फार उशीर झाला.

कारण मी तुमच्या वस्तीला, उताराला, घाबरायचे. नाकारून काय उपयोग? उतार म्हटलं की आमच्या गोऱ्या रंगाच्या माणसांचा आवाज थोडा खाली येतो. तिथे सगळे काळेच का राहतात, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. मला वाटायचं, त्यांना एकत्र आवडत असेल. मास्तरांनीच एकदा सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं होतं की लग्नानंतर त्यांनी शहरभर बावीस घरं पाहिली आणि बावीसही घरं ते दारात पोचेपर्यंत दुसऱ्याला दिलेली निघाली. मी ऐकलं, वाईट वाटून घेतलं, आणि बाह्या घेऊन घरी आले.

आता त्या मंगळवाराबद्दल. टाळत होते, पण त्याच्यावाचून पुढे जाता येत नाही.

दुपारचे पावणेचार. तुझी सुट्टी होती. फोन मी उचलला आणि तुझा आवाज ओळखला, पण तू मला नावाने हाक मारली नाहीस. नियमाप्रमाणे आधी पत्ता सांगितलास, मग मास्तरांचं वय, मग छातीत दुखतंय, डावा हात जड, घाम. इतका व्यवस्थित फोन मला उभ्या नोकरीत कुणी केला नाही. मी पत्ता टाइप केला आणि त्याच्या बाजूला लाल त्रिकोण उमटला. तो काय सांगतो हे तुला मी काय सांगणार? गाडी कोपऱ्यावर थांबवायची, पोलीस आले की मगच आत न्यायची. उतारावरच्या प्रत्येक पत्त्याला तो त्रिकोण आहे. तू स्वतः अकरा वर्षं तुझ्या शेजाऱ्यांना कार्डावर छापलेलं ठरावीक वाक्य वाचून दाखवलंस. तेव्हा तुला काय वाटत असेल हे मी कधी विचारलं नाही.

गाडी सहा मिनिटांत पोचली. बेकरीच्या कोपऱ्यावर थांबली. तू म्हणालीस, "मला गाडी दिसतेय. खिडकीतून दिसतेय. ती आत का येत नाहीये?"

आणि मी कार्डावरचं तेच वाक्य वाचलं. आपल्या सुरक्षिततेसाठी आवश्यक ती मदत मार्गावर आहे. तुला. मी तुला 'आपल्या' म्हटलं. तू म्हणालीस, "अगं, मी आहे." फोन चालूच राहिला आणि मी मास्तरांचा श्वास ऐकत होते. पोलीस एकोणीस मिनिटांनी आले. दोघं शिपाई, एक जांभई देत होता म्हणे. आत कुणीही दंगा करत नव्हतं. जिन्यात शेजारी दरवाजे उघडे धरून उभे होते.

मास्तर गेल्यावर चौकशी बसली हे तुला माहीत आहे. साहेबांनी आम्हाला एकत्र बोलावून समजावलं की यात कुणा माणसाचा दोष नाही, जुनी नोंद आहे, पद्धतीचा भाग आहे. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मीही सोडला. पण घरी आल्यावर मनात एकच येत राहिलं. पद्धत म्हणजे कोण गं? ती काही सकाळी डबा घेऊन कामाला येत नाही.

मग मी जेवणाच्या सुट्टीत जुन्या नोंदी काढायला लागले. त्रिकोण पंधरा वर्षांपूर्वीचा निघाला. उतारावरच्या एका घरात एका दारुड्याने गाडीवर बाटली मारली, ड्रायव्हरच्या कपाळाला तीन टाके पडले. एक घर, एक बाटली. फॉर्मवर चार रकाने असतात: घर, इमारत, गल्ली, परिसर. खूण शेवटच्या रकान्यात होती. पुढे मी एकेक वर्ष पाहत गेले. खूण लागल्यावर गाड्या उशिरा जायला लागल्या. उशीर झाला की लोक चिडायचे, कुणी ड्रायव्हरवर ओरडायचं, कुणी बोनेटवर हात आपटायचं. ते सगळं लिहून यायचं: जमाव आक्रमक. दरवर्षी त्या यादीची फेरतपासणी व्हायची आणि तपासणारा त्या शेऱ्यांकडे बघून 'कायम' दाबायचा. आपणच माणसांना ताटकळत ठेवायचं आणि ती वैतागली की म्हणायचं, बघा, म्हटलं नव्हतं? यात कुणाच्या मनात द्वेष असायची गरजसुद्धा पडली नाही. सगळे वेळेवर येत होते, वेळेवर घरी जात होते.

तुझे तीन अर्जही तिथेच सापडले. खूण काढा म्हणून तू तीन वेगवेगळ्या वर्षी लिहिले होतेस, कुणालाही न सांगता. तिन्ही नोंदीला जोडलेले होते. एकदाही उघडलेले नव्हते.

आणखी एक सापडलं. त्याच वर्षी, त्याच महिन्यात, टेकडीवरच्या बंगल्यात एका वकिलाच्या मुलाने गाडीची पुढची काच काठीने फोडली होती. तिथे खूण फक्त त्या घराला लागली. वकिलाने एक पत्र पाठवलं, सहा महिन्यांत तीही निघाली. दोन्ही नोंदी एकाच माणसाने केलेल्या. ऑपरेटर क्रमांक एकतीस.

मी उतारावरची खूण एका सोमवारी काढून टाकली. मंगळवारी ती परत तिथेच होती. कायमची काढायला तीन सह्या आणि एक बैठक लागते, लावायला एक बोट पुरतं. मग मी खूण दिसली तरी न बघितल्यासारखं करायला लागले. दम्याचा एक म्हातारा, एक बाळंतीण, एक जिन्यावरून पडलेली बाई. तिन्ही गाड्या मी थेट आत पाठवल्या. ड्रायव्हरने येऊन सांगितलं की लोकांनी स्वतःची वाहनं हलवून वाट करून दिली, आणि बाळंतिणीला चार जणांनी खुर्चीसकट खाली आणलं. चौथ्या दिवशी मला नियमभंगाचं पत्र मिळालं. म्हणून मी घरी आहे. नऊ दिवस झाले. मला शूर वगैरे समजू नकोस. मास्तर गेल्यावर दाखवलेला शूरपणा तो, त्याची काय किंमत.

गुरुवारी अकरा वाजता चौकशी समितीसमोर मला बोलवलं आहे. त्यांच्या मसुद्यात लिहिलंय की मूळ नोंद कुणी केली हे आता सांगता येत नाही, कारण जुने क्रमांक बदलले आणि त्यांची यादी राहिली नाही. साहेब परवा घरी येऊन गेले. म्हणाले, "तुम्ही काही बोलला नाहीत तर कुणाला कळायचं कारण नाही." खरं आहे ते. पण एकतीस नंबर माझा होता, बयो. नोकरीचा तिसरा महिना होता. टाके पडलेला ड्रायव्हर माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला, सगळा उतारच तसला आहे, आणि मला ते इतकं उघड वाटलं की मी 'परिसर' दाबून चहा प्यायला गेले. टेकडीवर 'घर' दाबतानाही मला काहीच विचित्र वाटलं नाही. नंतरच्या पंधरापैकी नऊ वर्षं 'कायम' दाबणारीही मीच, आणि त्यातली बहुतेक वर्षं तू माझ्या शेजारी बसून तुझा डबा माझ्याकडे सरकवत होतीस. गुरुवारी मी हे सगळं सांगणार आहे, कागद दाखवणार आहे, आणि मास्तरांची मुलगी म्हणून तूही समोर बसलेली असशील. भरल्या खोलीत, परक्या माणसांच्या देखत तुला हे पहिल्यांदा कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. माफी मागत नाही. मागितली तर ती देण्याचं ओझं पुन्हा तुझ्यावरच टाकल्यासारखं होईल. तुझ्या बाबांची गाडी कोपऱ्यावर मी थांबवली. त्या मंगळवारी नव्हे, त्याच्या पंधरा वर्षं आधी, एका साध्या दुपारी.

तुझीच, तुला आता तसं वाटो न वाटो,
ऑपरेटर एकतीस