चालत्या टेस्टरची वसियत

मी, गयास नूरमोहंमद इनामदार, वय ६७, राहणार बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. दबाव टाकण्याइतके मला या घरात कुणी विचारत नाही.

१. सुरुंगाच्या डिटोनेटरची वायर तपासणारे टेस्टर सुरक्षित आहेत की नाहीत, हे तपासण्याची माझी वाळूजला नोकरी होती. टेस्टरने जास्त करंट सोडला तर तपासतानाच डिटोनेटर उडतो. शेवटची खेप मी नापास केली. मॅनेजरसाहेबांनी विचारले, "चालतात का?" मी म्हणालो, "चालतात, पण..." पणच्या पुढचे त्यांना ऐकायचे नव्हते. माल गेला. निरोपाला त्यांनी दिलेले भिंतीवरचे घड्याळ त्यांना परत करावे. ते चालत नाही, पण त्याने कुणाचा हातही जात नाही.

२. त्याच खेपेतला टेस्टर माझा मुलगा हारिस फर्दापूरकडे विहिरींच्या सुरुंगांना वापरतो. त्याच्या ठेकेदाराने दिलेला आहे. मी ओरडलो, हात जोडले, जेवण सोडले. "चलता ना अब्बा, कायको डरते?" एवढेच उत्तर. ठेकेदाराकडे गेलो, त्याने चहा पाजून परत पाठवले.

३. घर शरियतप्रमाणे पत्नी मेहरुन्निसा, मुलगी सुमय्या आणि हारिस यांच्यात वाटावे. माझा स्वतःचा, तपासून पारखलेला टेस्टर सून लुबनाला द्यावा. वारसाच्या नावे वसियत चालत नाही, पण सून वारस नाही. कायद्याने पहिल्यांदाच माझी बाजू घेतली. लुबना, हा त्याच्या पिशवीत ठेव आणि तो दुसरा फोडून टाक. आज मी देतो तर हारिस हसतो. मेलेल्या बापाची वस्तू तरी तो टाकणार नाही.

पण त्यासाठी मी त्याच्याआधी जायला हवे. अल्लाहकडे एवढेच मागतो. फार भीती वाटते.

४. हारिस, तुला मुद्दाम साक्षीदार केले आहे. सही करण्याआधी हे सगळे वाच.

स्थळ: बजाजनगर
दिनांक: १२ जानेवारी २०२५
(सही) गयास नूरमोहंमद इनामदार

साक्षीदार:
१. कचरू कडुबा साळवे, शेजारी. वाचलं. गयासभाई, लई वाईट वाटलं.
२. हारिस गयास इनामदार.

ता. क. हारिसने उभ्या उभ्या सही केली. वाच म्हणालो, तर बाहेर गाडी चालू आहे म्हणाला. "कचरूचाचा पढे ना? फिर चलता."