हत्ती उंदराला घाबरत नाही

ती. आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. (डाव्या गुडघ्याला पट्टी आहे, तेव्हा आठांतलं एक अंग तूर्त वजा धर.) तुझा दमा कसा आहे? बाबांचा आवाज कसा आहे? माझं विचारशील तर कॉलेज सोडल्यापासून डोकं कसं हलकं झालंय. (आधी तरी कुठे जड होतं, असं तू मनात म्हणालीस. ऐकू आलं.)

प्राणिसंग्रहालयात हत्तिणीच्या कुंपणापाशी उभं राहून लोकांच्या शंका फेडायच्या, ही माझी नोकरी. सोंडेत हाड नसतं. हत्ती सोंडेने पाणी पीत नाही, सोंडेत ओढून तोंडात ओततो. आणि उडी त्याला मारता येत नाही. रोज तेच दळण. काल मात्र एक टायवाले गृहस्थ सहकुटुंब आले आणि म्हणाले, "हत्ती उंदराला घाबरतो, हे का नाही सांगत?" मी म्हटलं, नाही घाबरत. "अहो, शेंबडं पोरही सांगेल!" एरवी मी सोडून दिलं असतं (नसतं), पण तेवढ्यात हत्तिणीची नखं घासायला ती आली होती. तीच गं, पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाची, जिच्याबद्दल मी तुला एक अक्षर लिहिलेलं नाही. पायांत गमबूट, हातात कानस, केसांत गवताची काडी. तिच्यादेखत मी शेंबडं पोर! तरातरा चाऱ्याच्या कोठारात गेलो, उंदीर सापडलेला पिंजरा उचलला आणि हत्तिणीपुढे उघडला.

हत्तिणीने त्याला हुंगलं आणि पुन्हा गवत खायला लागली. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे (हत्तिणीकडे नव्हे) वळलो, तोच उंदीर माझ्या पँटच्या पायात शिरला. हत्तीला उडी येत नाही, मला येते. कुंपणावरून थेट आतल्या चिखलात, गुडघ्यावर. वरून हत्तिणीने सोंडभर पाणी सोडलं. गृहस्थ बायकोला म्हणाले, "बघ, कोणीतरी घाबरलंच की नाही?"

पट्टी तिनेच बांधली. "हत्तीण याहून शांत उभी राहते," म्हणाली. मग विचारलं, "नोकरीच करता, की शिकताही?" (पाय तिच्या हातात होता, आत्या. माणूस काय बोलणार?) मी म्हटलं, "पशुवैद्यक. पहिलं वर्ष." तर बाई एकदम खुलली! सोमवारी आपली जुनी पुस्तकं आणून देणार आहे. वर म्हणते, मधूनमधून प्रश्नही विचारीन.

बाकी सगळं झकास. औषध वेळेवर घे.

तुझा स्वाभिमानी भाचा

ता. क. कॉलेजचं तोंड पुन्हा बघणार नाही, असं बाबांपुढे पेला आपटून मी म्हणालो होतो. तो राग होता. मी शिकायला तयार आहे, एवढं त्यांच्या कानावर घाल. विज्ञान घेऊन पुन्हा अकरावीपासून सुरुवात करावी लागेल, हे मात्र जेवण झाल्यावर सांग.

ता. ता. क. तूच सांग, आईला नको पाठवू. तू पाच फूटही नाहीस, पण दारात तुझी चप्पल वाजली की बाबांच्या हातातलं वर्तमानपत्र उलटं होतं. मी गुडघा फोडून घेऊन काय सिद्ध केलं ते केलं. आपल्या घरापुरतं त्या टायवाल्याचंच खरं आहे.