दोन डबकी, दोन स्टार

१ फेब्रुवारी, शनिवार

बाथरूमची फरशी बदलायचं नक्की केलं. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. सध्या ती दादाकडे आहे, वीस तारखेला इथे परत येणार. मागच्या वर्षी ती याच बाथरूममध्ये साचलेल्या पाण्यावर घसरली होती. नव्या फरशीवर पाणी थांबता कामा नये. बाकी सगळं दुय्यम.

दादा म्हणाला, माझ्या ओळखीचा मिस्त्री आहे, बारा वर्षं काम करतोय, डोळे मिटून दे. मी म्हटलं, ओळख म्हणजे माहिती नव्हे. आणि डोळे मिटून मी काहीच देत नाही.

ॲपवरच्या अकरा मिस्त्र्यांचे सगळे रिव्ह्यू वाचले. एकूण ११४. त्यातल्या नव्वदांत ‘खूप छान काम’ एवढंच. छान म्हणजे किती मिलिमीटर, हे कोणी लिहिलेलं नाही. ज्यांची निवड केली त्यांचे रिव्ह्यू आठच, सरासरी ४.७५, पण एकातही उद्गारचिन्ह नाही.

संकल्प: काम संपल्यावर मी या ॲपवरचा पहिला न्याय्य रिव्ह्यू लिहीन. सात निकष, शंभर गुण. उताराला तीस, सांध्यांना वीस. बोलण्या-वागण्याला शून्य. गोड बोलण्याने पाणी वाहत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

मिस्त्री आले. ठरलेली वेळ नऊ, प्रत्यक्षात नऊ दहा. एक गुण वजा. पन्नाशीचे असावेत. जुनी फरशी दुपारपर्यंत काढली. मलबा पोत्यांत भरून स्वतःच खाली नेला. स्वच्छतेला पूर्ण गुण.

चहा घेताना म्हणाले, ताई, ॲपवर मी नवीन आहे, ते स्टार जरा बघून द्या. साडेचारच्या खाली गेलं की ॲप नवीन काम पाठवत नाही. हल्ली ओळखीवर काम मिळत नाही, लोक आधी फोनमध्ये बघतात.

याची ‘पहिल्याच दिवशी दबाव’ अशी नोंद केली. मी त्यांना सांगितलं की मी पूर्णपणे निःपक्षपाती आहे, आमच्या कंपनीत मी क्वालिटी विभागात आहे, बेअरिंग तपासते. ते म्हणाले, बरं झालं, आजवर सगळे खूशच होत होते, मलाही कंटाळा आला होता.

या उत्तराचा अर्थ लागला नाही. बोलण्याला शून्य गुण आहेत, त्यामुळे फरक पडत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार, संध्याकाळी ७

पाणी जायच्या जाळीच्या बाजूची अर्धी फरशी बसली. टाइल्स दहा बाय दहा सेंटीमीटर, खरखरीत, आईचा पाय घसरणार नाही अशा. पाच वाजता निघताना मिस्त्रींनी फोन केला: ताई, माल ओला आहे, उद्या संध्याकाळपर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही. दारात स्टूल आडवं ठेवलं आहे.

साडेसहाला घरी आले. स्टूल बाजूला केलं. मोजे घालून आत गेले. तपासणी म्हणजे चालणं नव्हे.

ऑफिसातून २५ मिलिमीटरची स्टीलची गोळी आणली आहे (परत करायची). उजव्या भिंतीपाशी उकिडवी बसले आणि गोळी जाळीकडे सोडली. दहा वेळा. दहाही वेळा जाळीपर्यंत गेली, सरासरी ३.२ सेकंद. उतार अचूक. मिस्त्रींबद्दल समाधान वाटलं, पण ते आत्ताच व्यक्त करणार नाही. मधेच स्तुती केली की दर्जा घसरतो.

स्टूल होतं त्याच कोनात परत ठेवलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी मिस्त्रींसमोर उंबऱ्यातून मगभर पाणी सोडलं. उजव्या भिंतीपाशी दोन डबकी. शेजारी शेजारी, प्रत्येक दोन टाइल्सचं, मधे अठरा सेंटीमीटर अंतर. टाइल्स दीड मिलिमीटर खचलेल्या.

मिस्त्रींनी टाइल्सकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग माझ्या पायांकडे. विचारलं, घरात कोण कोण असतं? म्हटलं, सध्या मी एकटीच. ते म्हणाले, हं.

‘हं’ची नोंद केली.

चारही टाइल्स काढून पुन्हा बसवल्या, उरलेली अर्धी फरशीही पुरी केली. जाताना म्हणाले, कोणी पाय ठेवायचा नाही. दोन पायऱ्या उतरले आणि परत वर आले. म्हणाले, कोणी म्हणजे तुम्हीसुद्धा. मी म्हटलं, अर्थात.

संध्याकाळी तपासणी. दुरुस्त केलेल्या भागाची तपासणी नव्या भागापेक्षा जास्त कडक असावी लागते, हे आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. वीस वेळा गोळी सोडली. एकाच जागेवरून मोजणं शास्त्रीय नसल्यामुळे या वेळी डाव्या भिंतीपाशी बसले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

उजवीकडची डबकी गेली. डावीकडे दोन नवीन आली. आकार तोच, मधलं अंतर तेच.

दोष एका जागी राहत नाही, सरकतो. म्हणजे दोष टाइल्समध्ये नाही, जमिनीतही नाही. तो काम करणाऱ्याच्या हातात आहे. हे मिस्त्रींना शांतपणे, आवाज न चढवता समजावून सांगितलं.

त्यांनी खचलेली टाइल उचलली आणि सांध्यातून एक धागा ओढून काढला. लोकरीचा, निळा. म्हणाले, ताई, तुम्ही मोजे घालता का? मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? ते म्हणाले, काही नाही, थंडी आहे.

सांध्याच्या मालात बाहेरची वस्तू सापडणे: दोन गुण वजा.

८ फेब्रुवारी, शनिवार

तिसऱ्यांदा बसवून झाली. मिस्त्री म्हणाले, काम माझ्याकडून पुरं, ॲपवर बंद करतो, आता सोमवारपर्यंत हे दार विसरा. या वेळी स्टूल नाही. दोरीच बांधली, दाराची कडी ते बाहेरचा नळ अशी. गाठ मारताना माझ्याकडे बघत होते.

गाठीचा फोटो काढून ठेवला, म्हणजे नंतर तशीच बांधता येईल.

संध्याकाळी अंतिम तपासणी. अंतिम असल्यामुळे पन्नास वेळा. या वेळी मधोमध बसले. पाऊण तास लागला, पायाला मुंग्या आल्या. स्वतःच्या आरामाचा विचार न करता दुसऱ्याच्या कामाला इतका वेळ देणारा ग्राहक त्यांना याआधी मिळाला नसेल.

गाठ फोटोप्रमाणे बांधली.

९ फेब्रुवारी, रविवार

मधोमध दोन डबकी.

वाईट वाटलं. पण वाईट वाटणं हा निकष नाही. शंभरपैकी ४८ गुण, म्हणजे २.४ स्टार. ॲप अर्धे स्टार घेत नाही. नियमाप्रमाणे पूर्ण संख्येत: २. रिव्ह्यू २१० शब्दांचा झाला. त्यात दहा मिनिटांचा उशीर, सरकता दोष, निळा धागा आणि पहिल्या दिवशीचा दबाव, सगळं तारखेनिशी लिहिलं. स्वच्छतेची प्रशंसाही केली. कोणाच्याही बाजूने झुकलेला नाही.

दादाने फोनवर वाचला. म्हणाला, अगं, त्याने फरशी घातली का कोणाचा गळा दाबला? मी पूर्ण संख्येचा नियम समजावला. तो म्हणाला, हो हो इन्स्पेक्टर, आणि फोन आईकडे दिला. आई म्हणाली, तू जेवलीस का?

मिस्त्रींची नवी सरासरी ४.४४. साडेचारच्या खाली. पण ती मर्यादा ॲपने घातली आहे, मी नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डबकी तिथेच आहेत. आईला यायला आठ दिवस. ॲपवरून दुसऱ्या तीन मिस्त्र्यांना विचारलं.

पहिले म्हणाले, दुसऱ्याच्या कामात हात घालत नाही. दुसरे घरी आले, फरशी पाहिली, तुम्ही काय करता विचारलं, आणि फोन आल्यासारखं करून खाली गेले ते गेलेच. तिसऱ्यांनी माझा रिव्ह्यू आधीच वाचला होता. म्हणाले, मॅडम, दहावीला दोनदा बसलोय, आता परीक्षा देणार नाही.

निष्कर्ष: या व्यवसायात पारदर्शकतेची भीती आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

डबक्यांभोवती लाल टेप लावली. आईने कुठून पाय टाकायचा याचा नकाशा काढून दाराला चिकटवला. बाण दिले आहेत. वॉकर घेऊन या मार्गाने जाता येतं का ते स्वतः करून पाहिलं. एका वळणावर जाता येत नाही.

दादाचा फोन: आई उद्याच येतेय. तिला माझा कंटाळा आलाय, आता तुझी पाळी.

१६ फेब्रुवारी, रविवार

आई आली. वॉकर टेकत सरळ बाथरूमच्या दारात. नकाशा वाचला, काढला, घडी करून माझ्या हातात दिला. मला पाणी ओतायला लावलं. मधोमध दोन डबकी.

तिने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, इथे कोण बसलं होतं?

मी म्हटलं, कोणी नाही.

ती म्हणाली, तू ती गोळी सोडतेस म्हणे, दादा सांगत होता. कशी सोडतेस, करून दाखव.

आत गेले. मधोमध उकिडवी बसले. गोळी सोडली. आई म्हणाली, आता खाली बघ.

डावा पाय डाव्या डबक्यात. उजवा पाय उजव्या डबक्यात. मधे अठरा सेंटीमीटर. दोन्ही मोजे ओले. मोज्यांचा रंग निळा.

मी म्हटलं, त्यांनी चालायचं नाही असं सांगितलं होतं. मी चालत नव्हते, बसत होते.

आई इतकी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं. मग हसायची थांबली. म्हणाली, त्या माणसाचं काम थांबलं असेल गं. तुला कोणी उद्या नापास करून घरी बसवलं तर? मी म्हटलं, माझ्याकडे नोंदी आहेत. ती म्हणाली, हो ना, त्यांच्याकडे फक्त फरशी होती.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नवीन माहिती हाती आल्यामुळे रिव्ह्यूत दुरुस्ती करायला बसले. ॲप म्हणतं, बदल अठ्ठेचाळीस तासांतच करता येतो, आपल्या प्रामाणिक मताबद्दल आभार.

हेल्पलाइनला फोन केला. चाळीस मिनिटांनी एक बाई बोलल्या. मी सांगितलं, दोनचे पाच करायचे आहेत. त्यांनी विचारलं, मॅडम, तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का? म्हटलं, अजिबात नाही. त्या म्हणाल्या, आठवड्याने स्टार वाढवणारे सगळे असंच म्हणतात, घाबरू नका. मग त्यांनी माझाच रिव्ह्यू मला वाचून दाखवला: ‘पहिल्याच दिवशी दबाव’, तारखेनिशी. म्हणाल्या, तुम्ही इतकं स्पष्ट लिहिलंय म्हणून बरं झालं. तुमच्या मिस्त्रींची चौकशी लावली आहे.

मी म्हटलं, अहो नको, चूक माझी आहे. त्या म्हणाल्या, मॅडम, स्वतःला दोष देऊ नका.

शेवटी कॉलला स्टार द्यायला सांगितलं. पाच दिले. त्या ऐकतच नव्हत्या, पण आता कोणालाही दोन द्यायला हात होत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आईने मिस्त्रींना फोन केला. माझ्या समोर, स्पीकरवर. म्हणाली, भाऊ, माझी मुलगी हुशार आहे हो, पण तिला घरात मोकळी सोडायची सोय नाही. ते पलीकडे हसले. तासाभरात आले. इतक्या लवकर कसे आलात, असं आईने विचारलं तर म्हणाले, रिकामाच आहे, ॲपचं काम बंद आहे ना सध्या.

मी अर्धा दिवस रजा घेतली होती. माफीचा मजकूर कागदावर तयार होता, चार मुद्दे. प्रत्यक्षात मी म्हणाले, माझ्या रिव्ह्यूमध्ये दोषाचं कारण ठरवताना चूक झाली. ते म्हणाले, हो. मी म्हटलं, ॲपला सविस्तर पत्र लिहिते. ते घाईघाईने म्हणाले, नको ताई, तुम्ही लिहू नका.

मग विचारलं, चहा आहे का?

चार टाइल्स बसवल्या. संध्याकाळी आई दारात खुर्ची टाकून बसली, वॉकर आडवा धरून. मी पाणी प्यायला उठले तरी विचारत होती, कुठे निघालीस?

२० फेब्रुवारी, गुरुवार

आईने आज नव्या फरशीवर पहिल्यांदा आंघोळ केली. मी बाहेर उभी होते. पाणी कुठेच थांबलं नाही, असं तिने आतून ओरडून सांगितलं. मी स्वतः पाहिलेलं नाही. गोळी ऑफिसात परत केली.

मिस्त्रींची चौकशी चालू आहे. दादाने त्यांना त्याच्या सोसायटीत एक बाथरूम मिळवून दिलं. ओळखीवर.

ॲपमध्ये चौकशी कुठवर आली ते शोधताना माझ्याच नावाचं पान उघडलं. ग्राहकालाही रिव्ह्यू मिळतो, हे माहीत नव्हतं. एकच आहे. ८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच चाळीस, म्हणजे दोरी बांधून ते खाली उतरले तेव्हाचा. पाच स्टार.

‘ग्राहक प्रामाणिक आहेत. चहा वेळेवर देतात. सांगूनही ओल्या फरशीवर बसतात, आजही बसतील.’

तिन्ही वाक्यं तपासली. चूक सापडली नाही.