कोटातले बाबा

२१ ऑगस्ट १९९४, रविवार

महेंद्र आज पुन्हा येऊन गेला. बाजारपेठेतल्या फोटो स्टुडिओवाल्याचा मुलगा. बाप वारला, आता दुकान हाच बघतो. आमच्या पेठेच्या मंडळाने यंदा गणपतीपुढे हलता देखावा करायचा नाही असं ठरवलंय. त्याऐवजी संगमनेरचे जुने फोटो मांडणार — घराघरांतून गोळा करून. हे गाव कुणाच्या कष्टावर उभं राहिलं ते पोरांना कळायला पाहिजे, असं म्हणतो. बोलतो गोड. चहा पितो आणि बोलता बोलता आतल्या खोलीच्या दाराकडे बघतो. आत बाबांचा फोटो आहे.

"मच्छिंद्रकाका, तुमचे वडील तंबाखूच्या वखारीत होते ना? शेटजींचे फोटो पोत्यानं मिळतात. विडीच्या धंद्यातल्या कामगाराचा एक मिळत नाही."

ते खरं असेल. पण आमच्याकडे फोटो आहे हे याला कुणी सांगितलं? मी तर नाही.

२३ ऑगस्ट

आईला विचारलं. जपाची माळ थांबवून म्हणाली, "द्यायाचा न्हाई."

"का गं?"

"न्हाई म्हनलं ना."

एवढं तोडून ती कधी बोलत नाही. म्हणजे तिलाही काही वास आला असावा. म्हातारी माणसं ओळखतात.

२६ ऑगस्ट

माझ्या दुकानात गिऱ्हाइकांमध्ये विषय निघाला. एक म्हणाला, जुने फोटो मुंबईला विकले जातात, फ्रेमसकट. दुसरा म्हणाला, महेंद्रला नगरपालिकेला उभं राहायचंय, त्याची ही पेरणी. मला दोन्ही पटलं.

मी तीन वर्षांचा असताना बाबा गेले. मला त्यांचं काहीच आठवत नाही. आवाज नाही, हात नाही. आहे ते एवढंच — काळा कोट, पांढरा फेटा, हसायच्या बेतात असलेलं तोंड आणि भुवईवर एक जुनी खोक. बाबा कुणाचं तरी भांडण सोडवायला मध्ये पडले असतील, असं मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. कोट त्यांनी जन्मात घातला नाही. वखारीतल्या सगळ्यांचा मिळून एक फोटो होता. त्यातला चेहरा कापून स्टुडिओवाल्याने तो कोटावर बसवला. तेव्हा घरोघरी असेच फोटो करत. बाबांच्या माघारी आम्ही आजोळी राहत होतो. तिथून आई एकटी एस.टी.ने येऊन फोटो करून घेऊन गेली. मी तेव्हा शाळेत होतो.

तेव्हापासून आंघोळ झाली की आधी बाबांच्या कपाळाला गंध, मग नाथांना. क्रम चुकीचा असेल. नाथ समजून घेत असतील.

२ सप्टेंबर

दिला शेवटी. भारती म्हणाली, "अहो, गणपतीच्या कामाला नाही म्हणता? तुम्हाला तर दूधवाल्याच्या मापात पण डाव दिसतो." देवाचं नाव आलं की माझं काही चालत नाही.

पितृपंधरवड्यात पंचमीला बाबांची तिथी असते. त्याआधी फोटो घरी पाहिजे, असं महेंद्रला दोनदा बजावलं. फ्रेमच्या मागच्या कागदावर पेन्सिलने बारीक खूण करून ठेवली आहे. त्याने पाहिलं आणि हसला.

आईने दिवसभर जपाची माळ हातातून खाली ठेवली नाही.

९ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

आरतीला गेलो, पण डोळे मूर्तीवर ठरेनात. बाबा डाव्या पडद्यावर आहेत. खाली त्यांचं नाव, आणि 'वखार कामगार'. गर्दी पांगल्यावर फ्रेम उलटी करून पाहिली. मागे कोरा कागद. माझी खूण नाही!

महेंद्र म्हणाला, "जुना कागद सडला होता काका, बदलला."

आणि जुना कुठंय? तर टाकून दिला. बरा सडला नेमका आत्ताच.

चेहरा मात्र तोच आहे. खोकेसकट.

११ सप्टेंबर

पाहून आलो. आहे.

१४ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहायला बसलो, पण कुठून धरावं कळत नाही.

संध्याकाळी मंडपात विडी वळणाऱ्या बाया आल्या होत्या. त्यांच्यात बनुबाई म्हणून एक, आईच्या वयाची. फोटो बघत बघत बाबांपाशी आली, थांबली, आणि देव्हाऱ्याला टेकतात तसं काचेला कपाळ टेकवलं.

"काय गं, कोन हाय?" बाकीच्यांनी विचारलं.

"आमचं मालक."

ती नवऱ्याचं नाव घेईना. मग दुसरीनेच घेतलं — सहादू. एकीने तोंडाला पदर लावला. "मालकांनी कोट कवा शिवला गं?"

"मी काय आंधळी हाय व्हय? ही खोक बग. उलथन्याची हाय. म्याच घातलं हुतं, तिखटाच्या पायी."

बाया हसल्या. मी पुढे झालो. म्हणालो, "मावशी, तुमची चूक होतेय. हे माझे वडील."

तिने मला खालून वर पाहिलं. रागावली नाही. "आमाला लेकरू न्हाई झालं, बाळा," म्हणाली.

१५ सप्टेंबर

सकाळीच स्टुडिओत गेलो. महेंद्रला तोंडावर सांगितलं — म्हातारीला पढवून तूच उभी केलीस. गर्दी जमवायला दुसऱ्याचा बाप बरा सापडला.

त्याने माळ्यावरून त्याच्या वडिलांची जुनी काचेची निगेटिव्ह काढली. वखारीतल्या सगळ्यांची. तिच्या वेष्टनावर बाबांचं नाव होतं, त्यावरूनच फोटो आमच्याकडे असणार हे याला कळलेलं. काचेवर एका डोक्याभोवती लाल रेघ. तोच चेहरा. एका तरी संशयाचं उत्तर मिळालं. पण मोठं कोडं तसंच राहिलं.

"आमच्या वडिलांनी चुकून भलताच माणूस उचलला असेल," महेंद्र म्हणाला. आवाज पडला होता. "मग काका, यातले तुमचे वडील कोण?"

त्याने काढून दिलेली प्रत मी किती वेळ बघत बसलो. पन्नासेक माणसं. एकही ओळखीचा नाही. ओळखीचा एकच, आणि तो बनुबाईचा नवरा.

१६ सप्टेंबर

प्रत आईपुढे ठेवली. चष्मा लावायला तिने फार वेळ घेतला. मग बोट ठेवलं, सहादूच्या शेजारी. "ह्ये."

तिथे एक माणूस बसला आहे. मांडीवर ठेवलेले हात स्पष्ट दिसतात, नखंसुद्धा. तोंडाच्या जागी नुसता धूर. फोटो काढताना मान हलली असणार.

"फोटूवाला म्हनला, बाई, ह्यो हाललाय, ह्याचं काय निघायचं न्हाई. म्या म्हनलं, मग शेजारचा काडा. दोगं एका डब्यात जेवायाचे. सहादू बी तवर गेल्ता. चेहरा हसरा हुता."

"आई, का पण?"

"तू शाळंत सांगायचा, माजा बाप मुंबैला हाय म्हनून. पोरं लई चिडवायची. तुला बाप पायजे हुता."

"मामांना कळलं नाही?"

"कळलं आसंल. कोटा-फेट्यात समदे सारकेच दिसत्यात. कुनी इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तू पाया पडताना बगायची मी. जिवाला धाकधूक व्हायची. पर तुजी मान वाकायची ना रोज. मंग कसं सांगू?"

आज गंध कुणाला लावायचं, हा प्रश्न नव्हता. फोटो मंडपातच आहे. बरं झालं.

१७ सप्टेंबर

महिनाभर मी त्या महेंद्रच्या पाळतीवर होतो. दुकानात त्याच्याविषयी वाईट बोललो ते वेगळंच. आज त्याला सांगून आलो, चूक त्याच्या वडिलांची नव्हती. कुणाची, ते सांगितलं नाही.

१९ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. आज महेंद्र फ्रेम माझ्या हातात देऊ लागला तेव्हा वाटलं, गुपचूप घरी न्यावी. पंचमीला पाच दिवस. खिळा आहे, गंध आहे, चाळीसेक वर्षांची सवय आहे. बनुबाईने तर मागितलाही नव्हता.

कोपऱ्यावर आलो आणि पाय विडी कामगारांच्या वस्तीकडे वळले. तिने फोटो मांडीवर घेतला, पदराने काच पुसली. जुन्या गंधाचा डाग काही निघाला नाही.

"आनि ह्यो कोट कुनाचा रं?"

"तो स्टुडिओतला, मावशी."

"ऱ्हाऊ दे. शोबतो."

२४ सप्टेंबर, पंचमी

मोकळ्या भिंतीपुढे पान वाढलं. जेवणं झाल्यावर आईजवळ बसलो. म्हटलं, बाबा दिसायला कसे होते, तेवढं सांग. म्हणाली, सावळे हुते. उंच. मग तिने डोळे मिटले. मी वाट पाहिली.

"मला बी आता सहादूच दिसतो रं," म्हणाली.