आईच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या

प्रिय ताई,

तुझं पत्र सोमवारी आलं. बाबांनी ते दारातच उभ्या उभ्या वाचलं, हाताचं ग्रीस पुसायचंही विसरून. मुलगी झाल्याचं वाचलं आणि ते एकदम खालीच बसले. मला म्हणाले, "मामा झालास रे." सोळाव्या वर्षी मामा झालेला आमच्या वर्गात मी एकटाच. नाक तुझ्यासारखं आहे म्हणतेस, तर बिचारीला माझ्या शुभेच्छा. पत्राचा शेवटचा भाग मात्र बाबांनी मोठ्यानं वाचला नाही. घडी घालून खिशात ठेवला. मी तो नंतर गुपचूप काढून वाचला आणि तेव्हापासून तीनदा हे पत्र लिहायला बसलोय.

आईला चिठ्ठ्या चिकटवायचा कसला नाद होता, आठवतं ना? औषधांच्या दुकानात दिवसभर बाटल्यांवर नावं लिहून तिचं समाधान व्हायचं नाही. साखरेच्या बरणीवर 'साखर. मीठ शेजारी आहे, चष्मा लावा.' फ्यूजच्या डब्यावर 'बाबांनी हात लावू नये. लिफ्ट वेगळी, घर वेगळं.' माझ्या कपाटात 'खालचा कप्पा उघडताना नाक धरा.' ती गेल्यावर त्या चिठ्ठ्यांना कुणी धक्का लावला नाही. शाळेतून आलो की मी डबे उगाच फिरवून वाचत बसायचो. तिचा आवाज ऐकू यायचा. हे तुलाही कधी सांगितलं नव्हतं.

मग 'लिफ्टवाली' आली. नाव आपण दोघांनीच ठेवलं. दवाखान्याच्या लॉन्ड्रीत काम करणारी बाई धुतलेल्या चादरींच्या गाडीसकट लिफ्टमध्ये दीड तास अडकते, आणि दुरुस्त करायला गेलेले आपले बाबा बाहेरून तिला धीर देता देता गप्पाच मारत बसतात. किती हसलो होतो आपण. बाबांच्या आणि त्यांच्या लग्नाच्या दिवशी तू जेवलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलीस. मी इथेच राहिलो. खरं सांगू? त्यांनी मला कधीच काही त्रास दिला नाही. 'आई म्हण' म्हणाल्या नाहीत. दार वाजवल्याशिवाय माझ्या खोलीत आल्या नाहीत. राग धरायला जागाच ठेवत नव्हत्या, आणि मला त्याचाच राग यायचा.

एका दुपारी शाळा लवकर सुटली. घरी आलो तर त्या ओट्यापाशी उभ्या. एकेक बरणी उचलून चिठ्ठी वाचत होत्या आणि स्वतःशीच हसत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुझ्या आईमुळे निभतंय बघ माझं या घरात. सगळं तीच शिकवते." प्रेमानं म्हणाल्या, हे आता कळतं. तेव्हा मात्र डोकंच फिरलं. आई आपल्यासाठी एवढंच ठेवून गेली होती, आणि त्यातही आता ही वाटेकरी. बाबा त्या आठवड्यात बाहेरगावच्या कामावर होते. दुसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्या तशी मी बाबांच्या पेटीतून ब्लेड काढलं. बरण्या, डबे, कपाटं, फ्यूजचा डबा, सगळं भिजवून खरवडून काढलं. एकही अक्षर ठेवलं नाही.

ते मी केलं, ताई. त्यांनी नाही. संध्याकाळी गच्चीवर जाऊन मी तुला फोन केला आणि सांगितलं की लिफ्टवालीनं आईचं अक्षर घरातून पुसून टाकलं. मी रडत होतो, ते रडणं खरं होतं. बाकी सगळं खोटं.

बाबा परत आले त्या दिवशी तू त्यांना फोन केलास. तो तुमचा शेवटचा फोन. बाबांनी रिसीव्हर ठेवला आणि चिठ्ठ्यांबद्दल त्यांच्या बायकोला विचारलं. मी टेबलाशी नकाशा रंगवत होतो आणि समुद्र सोडून जमीनच निळी करत होतो. उत्तर देण्याआधी त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. माझ्या अंगठ्यावर ब्लेड लागल्याची पट्टी होती. मग बाबांना म्हणाल्या, "हो, मीच काढल्या. मळल्या होत्या." बाबा ओरडले नाहीत, पण आठ दिवस त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला काय वाटलं माहितीये? सुटलो, असं वाटलं. हे लिहिताना कान तापलेत माझे.

तू लिहिलंस, शनिवारी बाळाला बघायला बाबांनी यावं, टिल्लूनं यावं, पण ती बाई माझ्या मुलीच्या आसपासही नको. बाबांना ते त्यांना सांगावंच लागलं. ऐकून त्यांनी लगेच बाबांचा आणि माझा शर्ट इस्त्रीला काढला. म्हणाल्या, "शनिवारी मला ड्यूटी आहे, तुम्ही दोघं जाऊन या." शनिवारी लॉन्ड्री बंद असते, ताई. बाबा बाहेर गेल्यावर मी जवळ जाऊन विचारलं, त्या दिवशी स्वतःवर का घेतलंत. बाही सरळ करत त्या म्हणाल्या, "तुझी आई गेली होती. बहीणही तुझ्यावर उलटली असती, तर तू रडायला कुणाकडे गेला असतास?"

आज सकाळी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी तुझं पत्र माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाले, "ताईला मी काही सांगणार नाही. तूच लिही." म्हणून लिहितोय. शनिवारी आम्ही तिघं येऊ. त्या नाहीच म्हणताहेत, पण मी त्यांची पाठ सोडलेली नाही. कुणाला दाराबाहेर ठेवायचंच असेल तर मला ठेव, मी खाली जिन्यात बसेन. आठ महिने मी त्यांना तुझ्या दाराबाहेर उभं केलंय. तुझी मुलगी माझ्या हातात नाही दिलीस तरी चालेल, पण त्यांच्या हातात दे.

तुझाच, तोंड दाखवायला लाजणारा,
टिल्लू